जवारी आणि भोंगा : डिजिटल अ‍ॅम्पच्या काळातील नादाची पारख

काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी परीक्षक होतो. वाद्यवादनाच्या फेरीत अहमदपूरकडच्या एका मुलाने इलेक्ट्रिक गिटार वाजवली. रंगमंचावर गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर नव्हता. एक जुना लॅपटॉप, एक छोटी पेटी आणि तिथून थेट सभागृहाच्या साऊंड सिस्टीमला गेलेली वायर, एवढाच पसारा. वादन तयारीचे होते, पण आवाज मला पत्र्यासारखा वाटला. गुणपत्रिकेवर मी शेरा लिहिला : ‘हात चांगला. टोन कृत्रिम, नक्कल जमलेली नाही.’ त्याला बक्षीस मिळाले नाही. निकालानंतर तो मुलगा भेटायला आला, पाया पडला आणि सरळ विचारता झाला, “सर, तुम्ही आवाज ऐकायलात का मशीन बघायलात?”

मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. पुढे त्याच्याशी ओळख वाढल्यावर खरी गोष्ट कळली. त्याच्या वडिलांचा मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा होता. घरात व्हॉल्व्हचे एक जुने मशीन आणि दोन भोंगे पडून होते. मुलाने त्या मशीनचा आणि भोंग्याचा आवाज संगणकात उतरवून घेतला होता आणि त्या आवाजातून तो गिटार वाजवत होता. कुठल्याही विलायती अ‍ॅम्पची नक्कल तो करतच नव्हता. ‘नक्कल जमलेली नाही’ हे माझे वाक्य अक्षरशः खरे होते आणि समीक्षा म्हणून पूर्ण चुकीचे होते.

प्रस्तुत लेख ही त्या शेऱ्याची फेरतपासणी आहे. प्रश्न एवढाच : डिजिटल यंत्रातून निघालेल्या गिटारच्या आवाजाला आपण चांगला, वाईट, खरा, खोटा म्हणतो तेव्हा तो कशाशी ताडून पाहतो? आणि नांदेड-लातूरसारख्या ठिकाणी, जिथे ‘मूळ’ अ‍ॅम्प फारच थोड्यांनी समोरासमोर ऐकला आहे, तिथे ही पारख कोणत्या आधारावर करायची?

मूळ कोणते?

इलेक्ट्रिक गिटार हे अर्धेच वाद्य आहे. तार छेडली की खालच्या चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात अगदी क्षीण विद्युतप्रवाह तयार होतो. त्याला आवाजाचे रूप देतात ते अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर. सतारीचा भोपळा सतारीला जोडलेलाच असतो. गिटारचा भोपळा वायरच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि तो बदलता येतो. म्हणून गिटारवाल्यांच्या बोलण्यात ‘टोन’ हा शब्द सतत येतो. मराठीत मी त्याला आवाजाची जात म्हणेन.

डिजिटल अ‍ॅम्प मॉडेलर हे यंत्र त्या दुसऱ्या टोकाचे गणित करते. तारेतून आलेला विद्युतप्रवाह सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजायचा, व्हॉल्व्ह त्याचे काय करील ते आकड्यांत काढायचे, स्पीकर आणि त्यापुढच्या मायक्रोफोनचा परिणाम त्यावर चढवायचा आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करायचा. अमेरिकेतील ‘लाइन सिक्स’ या कंपनीची ‘पॉड’ ही घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची लाल पेटी १९९८ मध्ये आली आणि ही कल्पना घराघरांत पोचली. २००६ मध्ये ‘अ‍ॅक्स-एफएक्स’ आला. २०११ मध्ये जर्मनीतल्या ख्रिस्तोफ केम्पर यांनी वेगळीच वाट काढली : समोरच्या अ‍ॅम्पमध्ये ठरावीक चाचणी-ध्वनी सोडायचे, बाहेर येणारा आवाज तपासायचा आणि त्यावरून त्या एका अ‍ॅम्पची तसबीर घ्यायची. अलीकडे स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांच्या ‘न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर’ने हेच काम मोफत आणि खुल्या स्रोतात आणले. माझ्या स्पर्धकाने वापरले ते हेच. लॅपटॉप जुना असला तरी चालतो. लागते ती चिकाटी.

या यंत्रांची यादी उघडली की विलायती अ‍ॅम्पची लांबलचक नामावळी दिसते. व्यापारचिन्हाच्या अडचणीमुळे नावे आडवळणाची असतात. ‘ब्रिट’ असे काही लिहिले असेल तर बहुधा ‘मार्शल’ समजायचे. वाजवणारा आधी नाव वाचतो, मग चित्र बघतो आणि शेवटी ऐकतो. तोवर कानाने निर्णय दिलेला असतो. त्या दिवशी माझे नेमके हेच झाले होते, फक्त उलट्या दिशेने : ओळखीचे नाव दिसले नाही म्हणून मला आवाज खोटा वाटला.

आता ज्याला आपण मूळ मानतो त्या मार्शलची कुळकथा पाहू. १९६२ च्या सुमारास लंडनमध्ये जिम मार्शल यांचे वाद्यांचे दुकान होते. ते स्वतः ड्रम शिकवत. अमेरिकन फेंडर अ‍ॅम्प महाग पडत, म्हणून त्यांच्या माणसांनी फेंडरच्या ‘बासमन’ या अ‍ॅम्पचा आराखडा समोर ठेवून आपला अ‍ॅम्प बांधला. तोच ‘जेटीएम ४५’. आराखडा जवळजवळ तोच होता, पण सुटे भाग इंग्लंडमध्ये मिळतील ते घातले : ट्रान्सफॉर्मर इंग्लिश, स्पीकर सेलेस्टियनचे, लवकरच व्हॉल्व्हही तिथलेच. मशीन फुल्ल केले की ते अमेरिकन अ‍ॅम्पपेक्षा वेगळे ओरडू लागले. त्या ओरडण्यावर पुढे रॉक संगीताची एक पूर्ण पिढी उभी राहिली.

म्हणजे मॉडेलर ज्याची नक्कल करतो ते मूळही एक नक्कलच होते. स्थानिक सामानाने ती नक्कल बिघडली आणि त्या बिघाडाला स्वतःची जात मिळाली. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. आवाजाची जात आराखड्यात जेवढी असते, तेवढीच ती हाताशी असलेल्या सामानात आणि ते ऐकणाऱ्या कानात असते.

आमच्या कानाची जडणघडण

मग आमच्या हाताशी कोणते सामान होते? माझे लहानपण लातूरला गेले. पहिला मोठा आवाज ऐकला तो भोंग्याचा. गणपती, भीमजयंती, उरूस, हरिनाम सप्ताह, लग्न, निवडणूक; निमित्त कोणतेही असो, लिंबाच्या झाडाला किंवा माडीच्या कठड्याला भोंगा बांधलेला असे. खाली ‘मशीन’ घेऊन मंडपवाला बसे. गाण्यापेक्षा आधी ‘हॅलो, चेक’ ऐकू येई. सप्ताहातला मृदंग, वरातीतला बेंजो, भीमगीतातली ढोलकी, सगळे त्याच तोंडातून बाहेर येत असे. भोंग्यात खर्ज जवळजवळ नसतो, वरची झळाळीही कमी. मधला पट्टा मात्र असा पुढे येतो की शब्द दोन शेतांपलीकडे कळतो. आमच्या कानाला ‘मोठा आवाज’ म्हणजे मधला आवाज, हे तिथेच शिकवले गेले.

नव्वदच्या दशकात मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवू लागलो. लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेपासून गावोगावच्या गणपतींपर्यंत कार्यक्रम व्हायचे. गिटारचा स्वतंत्र अ‍ॅम्प नेणे परवडत नसे. पायाखाली डिस्टॉर्शनचे पेडल आणि तिथून वायर थेट मिक्सरला. आवाज बाटलीत अडकलेल्या माशीसारखा यायचा. मला वाटे, आपला हातच गावठी आहे. कारण साधे होते, ते मला फार उशिरा कळले. गिटारच्या बारा इंची स्पीकरमधून साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे फारसे काही बाहेर पडत नाही. पेडलमुळे तयार झालेली वरची खरखर हा स्पीकर गाळून टाकतो. आम्ही ती गाळणीच काढून टाकली होती. आज मॉडेलरमध्ये ‘कॅब’ किंवा ‘आयआर’ या नावाने स्पीकरची जी नोंद असते, ती म्हणजे ही गाळणी. नवशिक्या मुलांचा आवाज बिघडतो तो बहुतेक वेळा अ‍ॅम्पची निवड चुकल्यामुळे नव्हे. ही गाळणी बंद असते, किंवा दोनदा लागलेली असते : एकदा यंत्रात आणि एकदा खऱ्या स्पीकरमध्ये.

वाद्य बाहेरून आले म्हणून ते कायम परके राहते, असा आपल्याकडचा अनुभव नाही. नांदेडला सचखंड हजूर साहिबच्या परिसरात शबद-कीर्तन ऐकताना जी पेटी साथीला असते, ती मुळात युरोपची. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप खरे होते : पेटीत मींड नाही, तिच्या श्रुती ठरलेल्या. पण त्याच काळात महाराष्ट्रात गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी पेटीला गायकीच्या जवळ नेऊन ठेवले होते. बंदी घालणाऱ्यांनी यंत्र पाहिले, वादकांनी आवाज ऐकला. माझ्या स्पर्धकाचा प्रश्न इतका जुना आहे.

बेंजोचेही तेच. जपानमध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये कळा दाबून वाजवायचे तंतुवाद्य केले, ‘ताइशोगोतो’. ते भारतात ‘बुलबुलतरंग’ झाले. महाराष्ट्रात त्याला पिकअप बसला, ते मशीनला जोडले गेले आणि वरातीचा, मिरवणुकीचा ‘बेंजो’ झाला. अमेरिकन बँजोशी त्याचे नावापुरतेच नाते. आज रस्त्यावर बेंजोचा जो कापत जाणारा, किंचित फाटलेला आवाज ऐकू येतो, तो मूळ जपानी वाद्यात नव्हता. तो भोंग्यात आणि फुल्ल केलेल्या मशीनमध्ये तयार झाला. आमच्या भागातला खरा ‘डिस्टॉर्शन गिटार’ हाच, असे म्हटले तर वावगे होऊ नये.

मिरजेचा एक शब्द

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आले ते मिरजेहून. दहा वाघिणींची पहिली गाडी आली तेव्हाचे स्टेशन ज्यांनी पाहिले त्यांना ते विसरता येणार नाही. त्याच मिरजेहून आपल्याला या विषयासाठी एक शब्द आणता येतो : जवारी. आमच्याकडे जवारी म्हटले की भाकरी आठवते. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांकडे मात्र जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीचा तो हलका उतार, ज्याला तार निसटता स्पर्श करीत राहते. तारेखाली सुताचा एक धागा सरकवून ती जागा नेमकी लावतात. जागा जुळली की एकाच तारेतून सुरांचा झरा फुटतो. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.)

या जवारीचे विज्ञान सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरच्या आपल्या निबंधात मांडले. तार ज्या बिंदूवर छेडली त्या बिंदूशी निगडित काही उपस्वर उमटू नयेत, असा युरोपात मान्य नियम होता. तंबोऱ्यात ते उमटतात, कारण घोडीशी होणारा निसटता स्पर्श तारेच्या हालचालीत दर फेरीला ढवळाढवळ करतो. थोडक्यात, जवारी म्हणजे शुद्ध कंपनात केलेली मोजकी बिघाडी.

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प फुल्ल केला की वेगळ्या मार्गाने असेच घडते. लाटेचे शेंडे छाटले जातात आणि छाटण्यातून नवे उपस्वर जन्माला येतात. गिटारची ११० हर्ट्झची तार घ्या. छाटणीनंतर तिच्यासोबत २२०, ३३०, ४४०, ५५० ऐकू येऊ लागतात : तार षड्ज, पंचम, पुन्हा षड्ज आणि मग गांधार. तंबोऱ्यातल्या ज्या गांधाराला आपण स्वयंभू म्हणतो, तोच हा. म्हणून चांगले डिस्टॉर्शन आणि चांगली जवारी यांचे नाते उपमेपुरते नाही. दोन्हीकडे शुद्धतेचा थोडा भंग करून समृद्धी मिळवलेली आहे, आणि दोन्हीकडे तो भंग किती करायचा यातच कारागिरी आहे.

यातून वाजवणाऱ्याच्या कामाची एक गोष्ट निघते. एक सूर असेपर्यंत छाटणी गोड लागते. दोन सूर एकत्र आले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे सूरही तयार होतात. षड्ज-पंचमाचे गुणोत्तर २:३. त्यांची वजाबाकी १, म्हणजे खालचा षड्ज. म्हणून ही जोडी कितीही फुल्ल आवाजात भक्कम लागते. षड्ज-गांधार घ्या, गिटारच्या पडद्यांवरचा गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा थोडा चढा असतो, आणि त्यातून निघालेले सूर एकमेकांत घासतात. जास्त गेनवर पूर्ण कॉर्ड चिखल का होते, याचे कारण हे आहे. यंत्राला दोष देण्याआधी सुरांचा हिशेब करावा.

चार कसोट्या

अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या मराठी परिभाषेसाठी आयुष्यभर जे काम केले, त्याचा माझ्यासारख्यांनी घेतलेला धडा असा की कानाला शब्द मिळाला की त्याची पकड वाढते. मॉडेलरच्या पडद्यावर गेन, प्रेझेन्स, सॅग असे शब्द असतात. ते यंत्राच्या खुंट्यांचे शब्द आहेत, ऐकण्याचे नाहीत. आमच्या बैठकांत वापरले जाणारे चार शब्द घेऊन मी आणि तो मुलगा नांदेडला माझ्या घरी बरेच दिवस बसलो. आमचा अनुभव क्रमाने सांगतो.

पहिली कसोटी जवारीची. फाटलेपणा किती हवा? घरी एकट्याने वाजवताना जेवढा गेन पुरेसा वाटतो, तेवढा ढोलकी आणि कीबोर्ड आले की हमखास जास्त होतो. आम्ही प्रत्येक वेळी आवडलेल्या जागेवरून गेन मागे घेत गेलो आणि सूर वितळायचा थांबला तिथे थांबलो. डिजिटल यंत्रात आणखी एक धोका आहे. सेकंदाला ४८,००० मोजण्या असतील तर २४,००० हर्ट्झच्या वरचे उपस्वर मांडता येत नाहीत. ते दुमडून खाली येतात. ३०,००० चा उपस्वर १८,००० वर दिसतो. तो मूळ सुराच्या नात्यातला नसतो, म्हणून उंच सुरांवर काचेवर खडा ओढल्यासारखा बेसूर कण लागतो. चांगली यंत्रे आतल्या आत जास्त वेगाने मोजणी करून हे टाळतात. कृत्रिमतेचा आरोप करायचाच तर तो इथे, कानाने ऐकून करावा.

दुसरी कसोटी दाण्याची. तानेला दाणेदार म्हणतो तसा प्रत्येक आघात सुटा लागतो का? इथे हात आणि यंत्र यांचे नाते कळते. हळू छेडले तर आवाज स्वच्छ आणि जोरात छेडले तर फाटलेला, असा फरक उमटला पाहिजे. तो उमटत नसेल तर यंत्रात जाणाऱ्या प्रवाहाची पातळी आधी तपासावी. व्हॉल्व्हच्या गणिताला ठरावीक ताकदीचा प्रवाह अपेक्षित असतो. त्यापेक्षा तो कमी-जास्त गेला की उत्तम मॉडेलसुद्धा मुके होते. त्या मुलाने हे वडिलांच्या भाषेत सांगितले : “मशीनला माईक नीट लागला नाही तर भोंगा काय करणार?”

तिसरी कसोटी आसेची. छेडल्यानंतर सूर कसा विझतो? इथे आम्हाला आमच्या विजेने छळले. जुन्या घरांत अर्थिंग धड नसते. सिंगल कॉइल पिकअपची गिटार तिथली ५० हर्ट्झची घरघर लगेच उचलते. ही घरघर पाश्चात्त्य ‘जी’ या सुराच्या जरा वर येते, त्यामुळे त्या सुरात वाजवताना तर नकोसा तंबोरा लागल्यासारखे होते. मुले यावर ‘नॉइज गेट’ लावतात. गेट म्हणजे आवाज अमुक पातळीखाली गेला की बंद होणारे दार. घरघर जाते आणि तिच्याबरोबर सुराची आसही जाते. ओळीचा शेवटचा शब्द तोंडात असताना माईक बंद करावा तसे. आम्ही आधी वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतले आणि गेट जेमतेम ठेवले. टोन शोधण्यातला सगळ्यात उपयोगी खर्च तोच ठरला.

चौथी कसोटी जागेची. गायनात ‘जागा’ म्हणजे हरकत घेण्याचे ठिकाण. इथे मी तो शब्द मेळातल्या स्थानासाठी वापरतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज कमी असताना कान खर्ज आणि तीव्र स्वर कमी ऐकतो. म्हणून रात्री हेडफोनवर लावलेला टोन आपण नकळत खाली-वर फुगवतो आणि मंडपात तोच टोन एकाच वेळी घुमतो आणि टोचतो. उपाय जुनाच : जिथे वाजवायचे त्या आवाजात बसून लावायचे, आणि एकट्याने लावायचे नाही. नांदेडच्या खोलीत आम्हाला आवडलेला आवाज लातूरच्या एका मंगल कार्यालयात ढोलकीसमोर पहिल्या कडव्यातच हरवला. १०० हर्ट्झच्या खालचे कापले, ६,००० च्या वरचे उतरवले आणि मधला पट्टा थोडा पुढे आणला, तेव्हा तो पुन्हा सापडला. एकट्याने ऐकला तर तो आवाज काटकुळा होता. गाण्यात तो पुरेसा होता.

भोंग्याला प्रमाणपत्र कोणाचे?

रवी जाधव दिग्दर्शित ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट सप्टेंबर २०१६ मध्ये आला. नायक रितेश देशमुख, म्हणजे आमच्या लातूरकडचे, बाभळगावच्या घरातले. रस्त्यावरच्या बेंजोला पडद्यावर नायकपद मिळाले, याचा आनंद आम्हाला होणे साहजिक होते. मुंबईच्या वस्तीतल्या तराट नावाच्या वादकाचा आवाज न्यूयॉर्कमधल्या एका मुलीच्या कानावर पडतो आणि ती त्याला शोधत येते, असे कथानक आहे. विषयाची निवड धाडसी होती. पण कथेच्या मुळाशी एक गृहीत आहे, ते मला खुपते : आपल्या रस्त्यावरचा आवाज आपल्याला आधी ऐकू येत नाही, परदेशी कानाने तो निवडला की मग त्याला किंमत येते. बेंजो ऐकणारी माणसे वस्तीत, वरातीत, मिरवणुकीत होतीच. ती पडद्यावर नाचताना दिसतात. पारखी म्हणून त्यांना जागा मिळत नाही.

हे गृहीत एका चित्रपटाचे नाही, माझेही होते. गुणपत्रिकेवर ‘नक्कल जमलेली नाही’ लिहिताना माझ्या डोक्यातला न्यायाधीश लंडनमध्ये बसलेला होता. त्याचा आवाज मी कॅसेटवर ऐकला होता, म्हणजे स्पीकर, मायक्रोफोन आणि टेप यांतून गाळून आलेला. मॉडेलरही नेमका तोच, मायक्रोफोनपुढचा आवाज देतो. मोठ्या शहरातले जुने वादक तक्रार करतात की मॉडेलरमध्ये ‘खोलीतला अ‍ॅम्प’ मिळत नाही. आम्हा नांदेड-लातूरच्या लोकांना ही उणीव जाणवत नाही, कारण तो अ‍ॅम्प आमच्या खोलीत कधी नव्हताच. आमच्या अंगणात होता तो भोंगा, आणि त्याची नोंद कुठल्याही कंपनीच्या यादीत नाही. ती नोंद करायला एक मंडपवाल्याचा मुलगा लागला.

म्हणून तसबीर घेण्याच्या या तंत्राकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. दुसऱ्याच्या आवाजाची नक्कल मिळवणे हा त्याचा एक उपयोग. आपल्याकडचा मोडीत निघालेला आवाज टिपून ठेवणे हा दुसरा. भोंगे आता उतरले आहेत, त्यांच्या जागी मोठ्या पेट्या आल्या आहेत. जुनी मशीन भंगारात जातात. माहूरच्या वाटेवर गोंधळ्यांची संबळ, तुणतुणे, चौंडके आपण ध्वनिमुद्रित करतो, ते योग्यच. पण ती वाद्ये चाळीस-पन्नास वर्षे ज्या यंत्रातून लोकांनी ऐकली, ते यंत्रही त्या आवाजाचा भाग होते. त्याची नोंद लोकसंगीताच्या अभ्यासात व्हायला हवी.

सुधारलेला शेरा

एवढे लिहून मी त्या मुलाला आता पहिले बक्षीस देतो आहे, असे कोणी समजू नये. आपल्या मातीचा म्हणून आवाज आपोआप चांगला ठरत नाही. तसे मानणे म्हणजे पुन्हा आवाज सोडून मशीन बघणेच झाले, फक्त मशीन बदलले. स्पर्धेच्या वेळचे त्याचे ध्वनिमुद्रण मी नंतर अनेकदा ऐकले. जवारी उत्तम आहे. एकेरी सुरांत तो गांधार स्पष्ट ऐकू येतो. दाणा सुटा आहे. आस थोडी तुटते, ती गेटमुळे. खरा दोष चौथ्या कसोटीवर आहे. भोंग्याचा सगळा जोर माणसाच्या शब्दांच्या पट्ट्यात, म्हणजे साधारण १,००० ते ३,००० हर्ट्झमध्ये असतो. भोंगा शब्द पोचवायलाच बनवला आहे. तिथे गिटार बसवली की ती गायकाच्या खुर्चीत बसते. वडिलांचा भोंगा निवेदकासाठी होता. मुलाने तो वाद्याला दिला आणि त्या खुर्चीची अदलाबदल लक्षात घेतली नाही.

हे मी त्याला सांगितले तेव्हा तो जरा गप्प राहिला. मग त्याने त्या पट्ट्यातला थोडा भाग उतरवला आणि मला गायला सांगितले. माझा गळा आता गाण्याचा राहिलेला नाही, पण दोन ओळी म्हटल्या. गिटार बाजूला सरकली, भोंगा मात्र भोंगाच राहिला. “आता बसलं बघा,” तो म्हणाला. ते मलाही ऐकू आले.

तेव्हा आज ती गुणपत्रिका पुन्हा हातात आली तर मी लिहीन : ‘हात चांगला. टोन स्वतःचा, जवारी लागलेली. गायकाला जागा सोडावी.’ गुण कदाचित दोन-तीनच वाढतील. पण या शेऱ्यावरून मुलाला घरी जाऊन काय करायचे ते कळले असते. पहिल्या शेऱ्यावरून त्याला एवढेच कळले होते की परीक्षकाने मशीन पाहिले.